गिअरबॉक्स कोणाला उघडू द्यायचा?

मंडळी, या शनिवारचा विषय जरा तेलकट आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चालवायचा नाही, उघडायचा!

२०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ एएमटीसकट बाजारात आणली आणि तेव्हापासून आपल्यापैकी कितीतरी जणांचा डावा पाय कायमचा रजेवर गेला. पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास काढणाऱ्याला क्लच नसलेल्या गाडीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. त्याआधी आपल्याकडे ऑटोमॅटिकबद्दल दोन वाक्यं ठरलेली होती. एक, "मायलेज देत नाही." दोन, "बिघडली तर कोणी दुरुस्त करत नाही." पहिलं वाक्य आता बरंचसं खोटं ठरलंय. दुसऱ्याचं काय?

या दुसऱ्या वाक्यामागे मी लागलो ते माझ्या मावसभावामुळे. तो वरूडला असतो, संत्र्याचा व्यापार करतो. बगीचे घेणं, माल तोडणं, गाड्या भरणं यात त्याचा दिवस जातो. त्याने मोठ्या हौसेने एक सेकंडहँड डिझेल एसयूव्ही घेतली, सहा स्पीडची टॉर्क कन्व्हर्टरवाली. आधीच्या मालकाने तिला ट्यूनिंग बॉक्स लावून ताकद वाढवून घेतली होती. मुलताईच्या रस्त्याला सातपुड्याचा चढ लागला की इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना झटका. त्याचा फोन आला, "दादा, मले एकच सांग, गाडी कोनाले देऊ?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. डिग्री मेकॅनिकलची असली तरी शेवटचा गिअर हातात घेतला तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. पण प्रश्न डोक्यात बसला. आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं की "कोणाला देऊ" हा प्रश्न ऑटोमॅटिक गिअरबॉक्सइतकाच जुना आहे.

सुरुवात गाडीपासून होत नाही, जहाजापासून होते. जर्मनीत श्टेटिन इथल्या वुल्कान जहाज कारखान्यात हेरमान फ्योटिंगर नावाचा इंजिनिअर होता. वाफेची टर्बाइन भन्नाट वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. मध्ये दात असलेले गिअर घालावेत तर त्या काळात एवढ्या ताकदीला टिकणारे गिअर बनवणं महाकठीण. फ्योटिंगरने १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते द्रवाच्या माध्यमातून ताकद पोचवण्याचं. समजा, दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, झालं फ्लुइड कपलिंग. दोघांच्या मध्ये तेलाला वळवणारं तिसरं चाक बसवलं की टॉर्क वाढतोसुद्धा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. १९३० मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ही कल्पना प्रीसिलेक्टर गिअरबॉक्सला जोडून गाड्यांमध्ये आणली.

खरा बॉम्ब टाकला जनरल मोटर्सने. १९३९ मध्ये जाहीर झालेली आणि १९४० च्या ओल्ड्समोबाईलमध्ये मिळणारी हायड्रा-मॅटिक. अर्ल थॉम्प्सन या इंजिनिअरच्या टीमचं काम. चार गिअर, पुढे फ्लुइड कपलिंग आणि गिअर कधी बदलायचा हे ठरवणारा मेंदू चक्क तेलाचा! आपल्या भाषेत सांगायचं तर व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा प्रोग्रॅम. गाडीच्या वेगाचा दाब एका बाजूने, ॲक्सिलरेटरचा दाब दुसऱ्या बाजूने, आणि ज्याचा जोर जास्त त्या दिशेला व्हॉल्व्ह सरकणार. if-else, पण धातूत कोरलेलं. :-)

नेमकी इथेच दुरुस्तीवाल्याची पंचाईत सुरू झाली. मॅन्युअल गिअरबॉक्स बिघडला की तो बोलतो. आवाज येतो, दात तुटलेला दिसतो, उस्ताद बोटाने दाखवतो आणि चेला शिकतो. ऑटोमॅटिकमध्ये बिघाड एकीकडे असतो आणि त्याची खूण दुसरीकडे दिसते. एखाद्या व्हॉल्व्हचं भोक केसभर झिजलं की तिथून दाब गळतो. दाब कमी म्हणून क्लचच्या चकत्या घट्ट आवळल्या जात नाहीत. त्या घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात. उघडल्यावर दिसतात त्या जळक्या चकत्या. मेकॅनिक नव्या चकत्या घालतो, गाडी मस्त चालते, मालक खूश. झिजलेलं भोक तसंच! मग काही महिन्यांनी नव्या चकत्याही जळतात. आपल्या धंद्यात याला आपण रूट कॉज न शोधता सर्व्हर रीस्टार्ट करणं म्हणतो. फरक इतकाच की रीस्टार्ट फुकट असतो.

दुसऱ्या महायुद्धात हायड्रा-मॅटिक अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात बसली. दोन कॅडिलॅक इंजिनं आणि दोन हायड्रा-मॅटिक. युद्ध संपल्यावर विक्री सुसाट वाढली आणि लिंकन, नॅश, हडसन असे प्रतिस्पर्धीसुद्धा जीएमकडून गिअरबॉक्स विकत घ्यायला लागले. मग १२ ऑगस्ट १९५३ ला मिशिगनमधल्या लिव्होनियाचा हायड्रा-मॅटिक कारखाना आगीत खाक झाला. एका दुपारी निम्म्या उद्योगाचा श्वास अडकला. जीएमला काही कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाईल गाड्या ब्युइकच्या डायनाफ्लो गिअरबॉक्सवर काढाव्या लागल्या, काही पाँटियाकना शेवरलेचा पॉवरग्लाइड बसला. नवीन कारखाना विलो रन इथे उभा राहिला. एवढी मोठी कंपनीसुद्धा हा डबा ऐनवेळी कुठूनही बनवून घेऊ शकत नव्हती, यावरून त्यातल्या कौशल्याची कल्पना यावी.

याच दशकात कॅलिफोर्नियात एक वेगळीच जमात तयार झाली. ड्रॅग रेसवाले. पाव मैलाची सरळ शर्यत. त्यांच्या लक्षात आलं की माणसाच्या हातापेक्षा हायड्रा-मॅटिक गिअर लवकर आणि दर वेळी सारखा बदलते, फक्त ती मुद्दाम मऊ ठेवलेली आहे. कंपनीला ग्राहकाच्या मांडीवरची कॉफी सांडू द्यायची नव्हती. म्हणून गिअर बदलताना चकत्या थोड्या घसरू दिल्या जात. घसरण म्हणजे आराम, आणि घसरण म्हणजेच झीज. लॉस एंजेलिसकडच्या बी अँड एमसारख्या छोट्या दुकानांनी हा सौदा उलटा केला. दाब वाढवा, चकत्या वाढवा, गिअर खाडकन पडू द्या. पुढे ट्रान्सगो कंपनीने हेच काम "शिफ्ट किट" नावाने डब्यात भरून विकलं. १९६४ मध्ये जीएमची टर्बो हायड्रा-मॅटिक ४०० आली. ती इतकी दणकट निघाली की रोल्स-रॉइसने घेतली आणि १९७६ मध्ये फेरारीनेसुद्धा आपल्या ४०० मॉडेलला लावली.

या रेसवाल्या दुकानांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांचं काम चांगलं की वाईट हे दहा-बारा सेकंदांत सगळ्यांसमोर कळायचं. पट्ट्यावर गाडी सोडा, वेळेची चिठ्ठी हातात. दुकानदार कितीही गोड बोलला तरी चिठ्ठी खोटं बोलत नाही.

साध्या गिऱ्हाइकाकडे अशी चिठ्ठी नसते. १९४१ मध्ये रीडर्स डायजेस्टच्या माणसांनी एक प्रयोग केला. चांगल्या गाडीतली एक वायर सैल करायची आणि अमेरिकाभर गॅरेज पालथी घालायची. निम्म्याहून जास्त गॅरेजवाल्यांनी नसलेलं काम काढलं किंवा जास्त पैसे लावले. लक्षात घ्या, ही साधी वायर होती. न दिसणाऱ्या चकत्यांचं काय होत असेल! पुढे अर्थशास्त्रज्ञ यात उतरले. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफने सेकंडहँड गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला: विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत, घेणाऱ्याला नाहीत, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून बाहेर पडतात. (या कामासाठी त्याला २००१ मध्ये नोबेल मिळालं.) १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी म्हटलं, काही सेवा अशा असतात की विकत घेतल्यानंतरही त्या चांगल्या होत्या की वाईट, गरज होती की नव्हती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. अपेंडिक्सचं ऑपरेशन आणि गाडीची दुरुस्ती एकाच रांगेत. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असला की हे होणारच.

यावर कॅलिफोर्नियाने कायद्याने उत्तर दिलं. १९७१ च्या कायद्याने तिथे गाडी दुरुस्तीवर नजर ठेवणारं खातं उभं राहिलं. आधी लेखी अंदाजपत्रक, काढलेले जुने भाग मागितले तर परत, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी तर वेगळा नियमच. "रीबिल्ट" हा शब्द वापरायचा असेल तर गिअरबॉक्स पूर्ण उघडून सगळे भाग साफ करून तपासले पाहिजेत, घर्षणाच्या चकत्या आणि सील बदलले पाहिजेत, टॉर्क कन्व्हर्टरचीही दखल घेतली पाहिजे. म्हणजे "खोलून केला" आणि "रीबिल्ड केला" यातला फरक सरकारने लिहून ठेवला. मला हे वाचून हेवा वाटला.

आपल्याकडे काय झालं? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला आधी डॉज-प्लिमथ आणि मग फियाट जुळू लागल्या. अनेक दशकं रस्त्यावर फियाट आणि ॲम्बेसिडर, दोन्ही हाताने गिअर टाकायच्या. आपल्या उस्तादांचं सगळं शिक्षण त्यांच्यावर झालं आणि ते उत्तमच झालं. ऑटोमॅटिक त्यांच्या हाताखालून कधी गेलीच नाही, तर ते शिकणार कुठे?

पण तेलाच्या गिअरबॉक्सची एक देशी गोष्ट आहे, आणि तिचा धागा थेट आमच्या वऱ्हाडात येतो. रेल्वेतले इंजिनिअर मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनासाठी हायड्रो-मेकॅनिकल ट्रान्समिशन शोधून काढलं. ते "सुरी ट्रान्समिशन" म्हणूनच ओळखलं जातं. १९६२ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. चित्तरंजन कारखान्याच्या डब्ल्यूडीएस-४ शंटिंग इंजिनात हे ट्रान्समिशन वापरलं गेलं. पुण्यात हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिकनेही रेल्वेसाठी हायड्रॉलिक ट्रान्समिशन बनवली. सुरी पुढे दुर्गापूरच्या सीएमईआरआय या संस्थेचे संचालक झाले आणि तिथेच स्वराज ट्रॅक्टरचं डिझाईन तयार झालं. आमच्या भागात बांधावर उभा असलेला स्वराज पाहताना ही कुंडली कोणाच्या ध्यानात येत नाही!

आता शकुंतला. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर अशी पूर्वी धावणारी आमची नॅरोगेज. किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी घातलेली. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिला ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते निवृत्त झालं आणि डिझेल आलं. भारतीय नॅरोगेजची झेडडीएम डिझेल इंजिनं म्हणजे हायड्रॉलिक ट्रान्समिशनवाली. वाफेचं इंजिन बहुतेक उघड्यावर असतं: दांडे दिसतात, गळती दिसते, फिटर हातोडा आणि कानस घेऊन भिडतो. म्हणून ते सत्तर वर्षं चाललं. हायड्रॉलिक ट्रान्समिशनला स्वच्छ जागा, गाळलेलं तेल आणि दाब मोजणारं मीटर लागतं. इंजिन बदललं की वर्कशॉप बदलावं लागतं.

हे नाही झालं तर काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. सदर्न पॅसिफिक रेल्वेने १९६१ पासून जर्मनीच्या क्राउस-माफाईची दमदार डिझेल-हायड्रॉलिक इंजिनं आणली. यंत्र उत्तम, पण तिथलं सगळं देखभालीचं तंत्र डिझेल-इलेक्ट्रिकवर पोसलेलं. दशक संपायच्या आत ती इंजिनं सेवेतून बाद झाली. भारतीय रेल्वेनेही मुख्य मार्गावर डिझेल-इलेक्ट्रिकच धरलं, हायड्रॉलिक राहिलं शंटिंग आणि नॅरोगेजपुरतं. यंत्र तेवढंच चांगलं, जेवढं त्याला उघडणारं दुकान चांगलं.

तर, वरूड. मावसभावासमोर तीन पर्याय होते. पहिला, कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. ते उघडतच नाहीत, अख्खा गिअरबॉक्स बदलतात. वॉरंटी पक्की, पण खर्च त्याने गाडीला मोजलेल्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. दुसरा, अमरावतीचं एक नावाजलेलं गॅरेज. "पाच दिवसात देतो, आधी तेल बदलून पाहू." तिसरा, नागपूरचा एक माणूस, जो फक्त ऑटोमॅटिकच करतो. त्याने किंमत सांगायच्या आधी प्रश्न विचारले आणि नुसत्या तपासणीचे पैसे मागितले. भाऊ वैतागला. "पाहाचेच पैसे घेते म्हनते बे तो!"

मी त्याला बोअरची आठवण दिली. वरूड-मोर्शीत पाण्याची पातळी किती खोल गेलीय हे मी सांगायला नको. बागेसाठी आठशे-हजार फूट खाली जाणारे लोक आहेत. तिथे पाणाड्या येतो, तळहातावर नारळ उभा करतो आणि म्हणतो इथे मार. लागलं तर पाणाड्याचं नाव, नाही लागलं तर तुझं नशीब. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स न मोजता "चकत्या गेल्या" सांगणारा मेकॅनिक हा नारळवालाच. मोजण्याचे पैसे मागणारा माणूस निदान रोग सांगणं आणि औषध विकणं या दोन गोष्टी वेगळ्या तरी करतोय. डार्बी आणि कार्नी खूश झाले असते.

मग आम्ही फोनवर बसून प्रश्नांची यादी केली. इतिहासातूनच आलेली आहे, तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून देतोय.

उघडायच्या आधी काय मोजणार? कॉम्प्युटरमधले कोड, तेलाचा रंग आणि वास, आणि मुख्य म्हणजे तेलाचा लाइन प्रेशर. काय आकडा यायला हवा आणि काय आला, हे लिहून द्या.

चकत्या जळल्या हे ठीक, पण का जळल्या? या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडून गाडी परत घ्यावी.

"रीबिल्ड"मध्ये काय काय येतं? चकत्या, सील, व्हॉल्व्ह बॉडीची तपासणी, टॉर्क कन्व्हर्टर, आणि कूलरच्या नळ्या धुणं. शेवटचे दोन लोक हमखास वगळतात. जुन्या चकत्यांचा भुगा कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बसून राहतो आणि नव्या तेलाबरोबर परत आत येतो.

हाच गिअरबॉक्स, हेच मॉडेल, याआधी किती उघडलेत? "सगळ्या गाड्या करतो" हे उत्तर इथे चालत नाही.

जुने भाग पिशवीत भरून परत देणार का? आपल्याकडे कॅलिफोर्नियाचा कायदा नाही, पण मागायला कोणी अडवलेलं नाही.

वॉरंटीत गाडी परत आणायचा खर्च कोणाचा? वरूडहून नागपूर काय, अमरावती काय, टोइंगचं बिल छोटं नसतं.

आणि ट्यूनिंगचं काय करायचं? हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी मुद्दाम. प्रत्येक गिअरबॉक्सची टॉर्क सोसायची मर्यादा ठरलेली असते. फोक्सवॅगनचा सात स्पीडचा कोरड्या क्लचचा डीएसजी, डीक्यू२००, तो २५० न्यूटन-मीटरसाठी. आणि व्हर्टस-टायगुनचं १.५ टीएसआय इंजिन मुळातच २५० देतं. म्हणजे काठोकाठ भरलेला ग्लास. लॅपटॉप लावून वीस मिनिटांत टॉर्क वाढवून देणारे गल्लोगल्ली आहेत, पण त्यांनी इंजिनाचा प्रोग्रॅम बदललेला असतो, क्लचची चकती नाही. बी अँड एमवाल्या पोरांनी ताकद वाढवली तेव्हा आधी आतलं लोखंड आणि चकत्या वाढवल्या होत्या. तो क्रम उलटा केला की बिल येतं.

नागपूरवाल्याने बहुतेक प्रश्नांची उत्तरं दिली. दोनांना "उघडल्यावर सांगतो" म्हणाला, ते मला उलट आवडलं. मापात प्रेशर कमी निघाला, व्हॉल्व्ह बॉडीत झीज सापडली, आणि चकत्या अर्थातच काळ्या. ट्यूनिंग बॉक्स काढल्याशिवाय वॉरंटी देणार नाही हे त्याने आधीच बजावलं. वेळ लागला तीन आठवडे, पाच दिवस नाही. ऐन आंबिया बहाराच्या तोडणीत भावाला दुसऱ्याची गाडी मागून फिरावं लागलं आणि त्याबद्दल त्याने मला भरपूर ऐकवलं. जुन्या चकत्यांची पिशवी मात्र तो आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

पुढच्या काही वर्षांत पहिल्या लाटेतल्या ऑटोमॅटिक गाड्या वॉरंटीबाहेर जाऊन सेकंडहँड बाजारात येतील, आणि त्यातल्या पुष्कळशा वरूड, मोर्शी, अचलपूर, अकोट अशा गावांतच येतील. शहरातला पहिला मालक सुटेल, गिअरबॉक्स उघडायची वेळ तिसऱ्या मालकावर येईल. नागपूरच्या त्या दुकानात सध्या दोन पोरं शिकतायत, त्यातला एक मूर्तिजापूरचा आहे. तो परत गावी जाऊन दुकान टाकणार म्हणतो. मीटर घेऊन गेला म्हणजे झालं.